बिनजामिनाची शांतता

युद्ध वाईट असते, या सिद्धान्तास आजवर एकाही मुत्सद्द्याने हरकत घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ज्यांनी युद्धे केली, त्यांनी तर तो अधिकच आवेशाने प्रतिपादिला आहे. कोठे तोफा धडाडू लागल्या की राजधान्यांतून तीव्र चिंता व्यक्त होते, उभय पक्षांस संयमाचे आवाहन केले जाते, आणि ज्या वृत्तवाहिनीवर सायंकाळभर क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याचे रंगीत नकाशे झळकतात, तिचाच निवेदक निरोप घेताना हात जोडून विश्वशांती चिंतितो. ही परंपरा आजची नव्हे. तिचा सर्वांत देखणा सोहळा २७ ऑगस्ट १९२८ रोजी पॅरिस येथे साजरा झाला.

त्या दिवशी फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याच्या दालनात, चित्रपट घेणाऱ्यांच्या झगझगीत दिव्यांखाली, ल हाव्र नगराने नजर केलेली सोन्याची लेखणी हाती घेऊन १५ राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग केला. फ्रान्सचे ब्रियाँ आणि अमेरिकेचे केलॉग यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या या करारनाम्यात, मोडणाऱ्याचे पुढे काय करावे याविषयी एकही कलम नव्हते, आणि एवढे एकमत घडून येण्याचे रहस्यही बहुधा तेच असावे. स्वसंरक्षणाचा हक्क ज्याचा त्याने राखून ठेवला. ब्रिटनने तर जगातील काही प्रदेशांपुरती आपणास मोकळीक असावी, असे आधीच कळवून टाकले होते. केलॉगसाहेबांना १९२९ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

अमेरिकेच्या सिनेटने जानेवारी १९२९ मध्ये ८५ विरुद्ध १ मतांनी हा करार मंजूर केला. व्हर्जिनियाचे सिनेटर कार्टर ग्लास यांनी, शाश्वत शांततेच्या दृष्टीने या कागदाची किंमत टपालाच्या तिकिटाएवढीही नाही, असे भर सभागृहात सांगून त्याच्याच बाजूने मत दिले. या सत्पुरुषाचा प्रांजळपणा पुढील पिढ्यांनी सोडला, मतदान तेवढे उचलले. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच त्याच काँग्रेसने १५ युद्धनौका आणि १ विमानवाहू जहाज बांधण्याचा कायदा केला. शांततेच्या १५ सह्या आणि १५ युद्धनौका असा चोख जमाखर्च कोणत्याही सरकारी दप्तरात क्वचितच आढळेल.

या पंधरा जणांत आपला हिंदुस्थानही होता, याचे आम्हांस राहून राहून कौतुक वाटते. ज्यास युद्ध पुकारण्याचा अधिकारच नव्हता, त्याने युद्धाचा त्याग केला. आणि तोही स्वहस्ते नव्हे, तर ज्या लॉर्ड कशेंडन यांनी ब्रिटनच्या वतीने सही केली, त्यांनीच हिंदुस्थानचे मुखत्यार म्हणून दुसरी ठोकली. पुढे ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदी लोकप्रतिनिधींस एका शब्दाने न विचारता देश युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्याग आणि स्वीकार या दोन्ही प्रसंगी हिंदी माणसास कोणी तसदी दिली नाही, ही राज्यकर्त्यांची कनवाळू वृत्ती म्हणावयाची.

तोपर्यंत सही करणाऱ्या जपानने १९३१ मध्ये मांचुरिया, तर सही करणाऱ्या इटलीने १९३५ मध्ये अॅबिसिनिया, रीतसर युद्ध न पुकारताच पादाक्रांत करावयास घेतले होते.

सबब आमची एक नम्र सूचना आहे. आपल्याकडे पतपेढीतून कर्ज काढणाऱ्या साध्या कारकुनासही दोन जामीन द्यावे लागतात. मग युद्धविरोधकांनाच ही सूट का? यापुढे शांततेचे निवेदन काढणाऱ्या सरकारने सोबत एक रद्द केलेली शस्त्रखरेदी, आणि शांततेवर अग्रलेख लिहिणाऱ्या पत्राने शस्त्र-कारखानदाराची एक नाकारलेली जाहिरात तारण ठेवावी. या अटीवर पुन्हा तसा सोहळा भरलाच, तर दालन मोठे घेण्याचे कारण नाही. दोन खुर्च्या पुष्कळ होतील, आणि त्यांतली एक छायाचित्रकारास बसावयास देता येईल.