मेणवली पायी पाहण्याचा शास्त्रोक्त विधी

वाईपासून मेणवली तीनेक किलोमीटर. अंतर चालण्याजोगे आहे. म्हणूनच वारसाप्रेमींनी गाडी थेट घाटाच्या तोंडाशी लावावी आणि तिथून ‘पायी वारसाफेरी’स प्रारंभ करावा. पायात नवे ट्रेकिंगचे बूट असावेत. घाट पायऱ्यांचाच आहे, तरीही असावेत.

कृष्णाकाठी उतरताच ‘स्वदेस’मधली जागा नेमकी कोणती, यावर सोबत्यांशी वाद घालावा. २००४ सालच्या त्या चित्रपटात मेणवली उत्तर प्रदेशातले चरणपूर झाली होती. त्याआधी ‘मृत्युदंड’साठी ती बिहारातही राहून आली. सातारा जिल्ह्यातले गाव म्हणून तिला अजून तेवढे मोठे काम मिळालेले नाही.

पुढे घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून आणलेल्या घंटांपैकी ही एक. पण सोबत एक जाणकार असतोच; तो म्हणेल, ‘नाना फडणविसांनी स्वतः वसई जिंकून आणली!’ वसई पडली १७३९ साली, नाना जन्मले १७४२ साली. मध्ये बोलू नये. एवढ्या लांबून आलेल्या माणसाचा हिरमोड करू नये.

आता नानांचा वाडा. सहा चौकांचा आहे. पहिल्या चौकात फोटो काढावेत, दुसऱ्यात काढावेत, तिसऱ्यात मोबाइल मान टाकतो. भिंतींवरची जुनी चित्रे मग नाइलाजाने डोळ्यांनी पाहावी लागतात. पेशवाईचा हिशेब सांभाळणाऱ्या या माणसाने कागद असे जपले की ‘मेणवली दफ्तर’ म्हणून इतिहासकारांना ते आजही पुरून उरते. ते पाहून आपलीही नोंद मागे राहावी, या ओढीने काहींचा हात किल्लीसह भिंतीकडे जातो. त्यांनी जरूर नाव कोरावे. मात्र दफ्तराचा मान राखून मोडीत कोरावे. लिपी शिकून परत येईपर्यंत भिंतीला थोडी उसंत मिळेल.

शेवटी गावातून एक चक्कर मारावी. ओट्यावरच्या आजी हटकतीलच, ‘कुनाकडं आलाय?’ ‘वारसा पाहायला’ असे उत्तर दिल्यास जमिनीच्या वाटणीचा संशय येतो. त्यापेक्षा ‘नानांकडे’ म्हणावे. लगेच विचारणा होईल, ‘कंच्या नानाकडं?’ मग ज्या नानांच्या दाराकडे बोट दाखवले जाईल, तिथे जाऊन निमूट चहा घ्यावा.