रजेवर न जाणारी सिस्टर

सरकारी आरोग्य सेवेत सगळ्यांत इमानी कर्मचारी कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन: रिक्त पद. ते रजा टाकत नाही, बदलीसाठी कुणाची चिठ्ठी आणत नाही, प्रवासभत्त्याचं बिल लावत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले, तेव्हा सगळी रिक्त पदं मात्र कामावर होती. आणि बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरचं पद रिक्त असेल तर दुधात साखर, ते प्रसूती रजाही मागत नाही.

नियम तसा चोख आहे. मैदानी भागात ५,००० माणसांमागे एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे. माणसं मात्र २०११ च्या जनगणनेतली धरायची. तेव्हा नाशिक जिल्हा ६१,०७,१८७ वर थांबला, तो सरकारी कागदावर अजून तिथेच उभा आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे २०११ च्या डिसेंबरात याच जिल्ह्यातल्या सुरगाण्यात सिस्टरने ज्या पोराची नाळ कापली ते एव्हाना नववीत गेलं असेल, पण तिच्या मंजूर पदाच्या हिशेबात ते अजून जन्मायचंय.

या सिस्टरचं जुनं नाव सहायक परिचारिका प्रसाविका. शेवटचा शब्द महत्त्वाचा होता, म्हणून आधी त्याचाच काटा काढला. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने सांगितलं की ही बाई बहुउद्देशीय करा. मग दोन वर्षांचं प्रशिक्षण दीड वर्षावर आलं. उद्देश वाढले, महिने घटले. बाळंतपण शिकायला बाई आली आणि कुटुंब नियोजनाचं टार्गेट, लसीकरण, हिवताप, क्षयरोग असं सगळं पदरात घेऊन बाहेर पडली. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं. एकटीला झेपत नाही हे दिल्लीला उमगलं आणि तिच्या जोडीला दुसरी सिस्टर मिळाली, कंत्राटी. करार संपला की एक दिवसाचा तांत्रिक खंड, मग पुन्हा करार. त्या एका दिवशी कुणी अडलं तर बाळानेच समजून घ्यायचं. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या: देशाला खास प्रशिक्षित मिडवाइफ हव्यात. जी होती तिला दुसऱ्या कामांना जुंपल्यावर बरोबर पंचेचाळीस वर्षांनी हा शोध लागला. सरकारी कामात एवढं चालायचंच.

आता तिची पिशवी बघा. वर टॅब्लेट, त्याचा चार्जर, त्याखाली रजिस्टरांचा गठ्ठा, माता-बाल संगोपनाची कार्डं, थुंकीचे नमुने घ्यायच्या डब्या. बाळाचे ठोके ऐकायचं नळकांडं सगळ्यांत तळाशी. एक आजी धावत येते, "सिस्टर, सुनेला कळा सुरू झाल्यात हो!" सिस्टर म्हणते, "येते आजी, आधी तेवढा ओटीपी आला का बघा." यात सिस्टरची चूक नाही. बाळ अडलं तर निभावता येतं, एंट्री अडली तर तालुक्याच्या व्हीसीत सगळ्यांसमोर नाव निघतं. शिवाय शेजारच्या उपकेंद्राचा अतिरिक्त कार्यभार तिच्याकडेच. दोन गावं, मधे घाट, आणि दोन्हीकडे प्रसूतीची अपेक्षित तारीख एकच.

उपकेंद्राचंही भाग्य उजळलंय. २०२३ पासून त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणायचं. देवळांच्या नाशकात हे शोभूनच दिसतं. रंग नवा, पाटी नवी, पाटीवर संस्कृत वचन. पुजारीण तेवढी प्रतिनियुक्तीवर. भाविकांनी बाहेरूनच नमस्कार करून १०८ ला फोन लावावा. रेंज टेकडीवर येते.

भरती होत नाही असं मात्र म्हणू नका. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांची महाभरती निघाली. परीक्षा लांबली, आणखी लांबली, शेवटी अख्खी प्रक्रियाच गुंडाळली. ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांची नवी जाहिरात आली, खुल्या प्रवर्गाला हजार रुपये शुल्क. हत्तीण बावीस महिन्यांत मोकळी होते. आपल्या भरतीला साडेचार वर्षांत फक्त दुसऱ्यांदा दिवस गेले.

त्यातही पेठ-सुरगाण्याची तऱ्हा वेगळी. तिथे पेसा, म्हणजे आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा. आरोग्य सेविकेसह, म्हणजे आपल्या सिस्टरसह, सतरा संवर्गांची पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची, आणि तीच कोर्टकज्ज्यात अडकली. पोरी परीक्षा देऊन घरी बसल्या. २०२४ मध्ये माजी आमदार जे. पी. गावित नाशकात उपोषणाला बसले. मग ४ ऑक्टोबरला दिंडोरीचे आमदार आणि विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी मारली. पेसा भरती ही त्यांची एक मागणी, धनगरांना आदिवासींतून आरक्षण नको ही दुसरी. पाठोपाठ पेसा उमेदवारांना मानधनावर नेमायचं ठरलं. उपाध्यक्ष जाळीवर पडले तर मानधन मिळतं. कायम नेमणुकीसाठी कुणी कुठून उडी मारायची, हे सामान्य प्रशासन विभागाने एकदा परिपत्रक काढून सांगून टाकावं. जाळी मजबूत आहे, हा अनुभव पदरी आहेच.

हे सगळं जवळून बघायला राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ पासून नाशकातच आहे. म्हसरूळहून सुरगाण्याचा रस्ता सरळ जातो. विद्वत्तेला तो घाट अजून चढवला नाही, इतकंच.

पण निराश व्हायचं कारण नाही, नाशकात सिंहस्थ कुंभमेळा आलाय. कोटींचे आराखडे मंजूर होताहेत, कोण साधू कुठल्या घाटावर किती वाजता बुडी मारणार हे आतापासून ठरतंय. पर्वणीला येणाऱ्यांची संख्या सांगायला जनगणना लागत नाही, ती अंदाजाने कोटींत धरता येते आणि त्या अंदाजावर पैसाही सुटतो. सुरगाण्याच्या बाईचा अंदाज नऊ महिने आधी लागतो, तारखेसकट. तरी तिच्यासाठी तरतूद बसत नाही. तेव्हा माझी एक व्यवहारी सूचना आहे. आदिवासी पट्ट्यातल्या बायाबापड्यांनी आपली तारीख ऑगस्ट २०२७ मधल्या पर्वणीची धरावी आणि कळा थेट रामकुंडावर येऊन द्याव्यात. तिथे त्या दिवशी पावलापावलावर रुग्णवाहिका असेल, खाट असेल, सिस्टरही असेल. बहुतेक त्यांच्याच उपकेंद्रातून ड्युटीवर आणलेली.