शंभराचे साडेबारा

गावाच्या नावातच बारा, तेव्हा तिथे जे येईल त्याचे बारा वाजणारच, असं नंदुरबार जिल्ह्यातल्या खांडबाऱ्याबद्दल कोणी म्हटलं तर तो गावावर अन्याय होईल. पण इंटरनेटचा हिशेब मात्र आकड्यानिशी तसाच येतो. जाहिरातीतलं ‘शंभर एमबीपीएस’ हे मेगाबिटमध्ये असतं आणि फाईल उतरताना पडद्यावर दिसणारा आकडा मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. शंभराला आठाने भागलं की साडेबारा. म्हणजे वायर धड, वायफायचा डबा नवा, बिल भरलेलं, आकाश निरभ्र असं सगळं जुळून आलं तरी शंभराचे साडेबारा होतात, आणि खरी कुरकुर त्यानंतर सुरू होते. यात कोणी चोरी करत नाही. नंदुरबारच्या बाजारात लाल मिरची ओली येते आणि पथारीवर वाळून सुकी होते. दोन्ही वजनं खरीच, पण ओल्याचं वजन सांगून सुक्याचा भाव मागणाऱ्याला व्यापारी चहा पाजून वाटेला लावील. इंटरनेटच्या बाजारात वजन कायम ओल्याचंच सांगतात, आणि आपण ते ऐकून शेजाऱ्याशी तुलना करायला बसतो.

ही तुलना मोठी गमतीची असते. पूर्वी दोन घरांत ‘तुमच्याकडे नळ किती वेळ येतो?’ अशी चौकशी व्हायची. उत्तर मिनिटांत मिळायचं आणि हंड्यांत पडताळता यायचं. आता चौकशी होते ‘तुमच्याकडे किती एमबी?’ अशी. एक म्हणतो शंभर, दुसरा म्हणतो दीडशे. शंभरवाल्याचा चेहरा उतरतो, आणि त्याच घटकेला दीडशेवाल्याच्या टीव्हीवर नायिकेचं तोंड अर्धं उघडं राहून पांढरी चकरी फिरत असते. माझं म्हणणं असं, की घरच्या इंटरनेटची तुलना वेगाच्या आकड्यावर करण्यात काही अर्थ नाही. करायचीच तर थांबण्याची करावी. कधी थांबतं, किती वेळा थांबतं आणि थांबलं की किती वेळ थांबतं.

हे पटवून द्यायला खांडबाऱ्यात इंजिनीअर बोलवावा लागत नाही, रेल्वे स्टेशन पुरतं. सुरत-भुसावळ मार्गावर एकच रूळ होता तेव्हा पॅसेंजरला उशीर व्हायचा, तो इंजिनात दम नव्हता म्हणून नव्हे. गाडी ‘क्रॉसिंग’ला उभी राहायची. समोरची गाडी निघून जाईपर्यंत शेंगांची पुडी संपायची, दुसरी घ्यावी लागायची. उधना ते जळगाव 306 किलोमीटरचं दुहेरीकरण झालं तेव्हा वाढली ती रुळांची संख्या. एमबीपीएस हा आकडाही तसाच आहे. त्याला वेग म्हणतात खरं, पण तो सांगतो रुळांबद्दल. गाडी किती पळते ते त्यातून कळत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, दहाच्या प्लॅनमध्येही तेवढाच आणि तीनशेच्याही. खांडबाऱ्याहून सुरत गाठायला त्याला एक मिलिसेकंदही पुरतो. मग रात्री साडेआठला चकरी कसली फिरते? क्रॉसिंगची. घरोघरी फायबर देण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, ज्याला जीपॉन म्हणतात, एका तंतूतून साधारण अडीच हजार एमबीपीएस येतात आणि तो तंतू पुढे 32 किंवा 64 घरांत फुटतो. 64 घरांना प्रत्येकी शंभर म्हणजे झाले 6400. दुपारी निम्मी घरं शेतात आणि उरलेली झोपेत, म्हणून हा व्यवहार खपतो. रात्री सगळे एकदम ताटावर बसले की वाढपी तोच, पातेलं तेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘पण स्पीडटेस्टमध्ये पूर्ण दाखवतं!’ दाखवणारच. ही चाचणी शक्यतो जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो बऱ्याचदा कनेक्शन देणाऱ्याच्याच जाळ्यात बसवलेला असतो. म्हणजे घरापासून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत मोटारसायकल पळवायची आणि गाडी मुंबईपर्यंत अशीच जाईल असं प्रमाणपत्र द्यायचं. शिवाय चाचणी घेतो कधी? तक्रारीचा माणूस घरी येतो तेव्हा, सकाळी अकराला. त्या वेळी नेट असं धावतं की तक्रार करणाऱ्यालाच ओशाळं व्हावं. दवाखान्यात शिरल्याबरोबर दुखायचा थांबणारा दात आणि माणूस आल्याबरोबर सुधारणारं नेट, ही एकाच घराण्यातली भावंडं.

दुसरा आक्षेप पैसेवाल्यांचा: मोठा प्लॅन घ्या. मोठ्या प्लॅनने अडलेलं सुटतं ते तोटी बारीक असेल तर. टाकीतच पाणी नसेल तर तोटी बदलून काय होणार? आणि इथे देणाऱ्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण अर्धी क्रॉसिंगं आपण स्वतः घरात उभी केलेली असतात. वायफायचा तो डबा कुठे असतो पाहा. पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटावर, देवाच्या तसबिरीमागे, वर दाराचा जुना पडदा घडी करून ठेवलेला, कारण डब्यावर धूळ बसू नये! लोखंडातून लहरी जात नाहीत, जाड भिंतीतून जेमतेम जातात, आणि 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरींना मायक्रोवेव्ह ओव्हनची तर सख्खी भावबंदकी. एवढं सोसून मागच्या पडवीत पोचलेल्या दोन काड्यांवर मुलगा ऑनलाइन क्लास करतो आणि शिव्या कंपनीला बसतात. डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल झाला तर दोष बाहेरचा आहे. कुठेतरी वायर तुटली किंवा जेसीबीचा दात लागला. तो विझलेला असेल आणि तरी चकरी फिरत असेल, तर आधी पडदा काढावा.

आता सरकारी मापही बघू. ‘ब्रॉडबँड’ म्हणजे किमान किती, हे आपल्याकडे कागदावर ठरलेलं आहे. 2004 मध्ये 256 केबीपीएस, 2013 मध्ये 512, आणि 2023 पासून 2 एमबीपीएस. अमेरिकेने 2024 मध्ये हीच रेघ शंभरावर नेली. आपली दोनाची रेघ आणि जाहिरातीतला ‘पर्यंत’ हा शब्द एकत्र वाचा. ‘शंभरपर्यंत’ म्हणजे शंभराच्या वर नाही; खाली किती, याला तो शब्द बांधील नाही. शंभर सांगून तीन दिले तरी ‘ब्रॉडबँड दिलं नाही’ असं म्हणायची सोय उरत नाही. मराठीतल्या शब्दयोगी अव्ययांत इतकं कमावणारं दुसरं अव्यय नसेल.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो बहुधा शहरातून येतो: खेड्यात एवढं नेट लागतं कशाला? सिनेमेच बघणार ना? याला उत्तर जिल्ह्यातच आहे. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी दिला गेला तो याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. तेव्हापासून रेशनचं धान्य अंगठ्यावर आलं, सातबारा ऑनलाइन झाला, शिष्यवृत्तीचा अर्ज पोर्टलवर गेला. सरकारने खिडकी बंद करून दार इंटरनेटमध्ये उघडलं असेल तर ते दार उघडं राहणं ही चैन कशी? आणि गंमत पाहा, या कामांना वेग लागतच नाही. अंगठा पडताळायला काही किलोबाइट पुरतात. पाच एमबीचा दाखला दोन एमबीपीएसवरही वीस सेकंदांत चढतो. अट एकच, त्या वीस सेकंदांत लाइन तुटता कामा नये आणि लाइट जाता कामा नये. रेशनच्या रांगेतल्या बाईला नेट शंभराचं की दोनाचं याच्याशी घेणं नाही. अंगठा लागला की नाही, तेवढं तिला कळतं. सिनेमे बघणाऱ्याचंही दुखणं तेच आहे, फक्त त्याला सहानुभूती कमी मिळते.

शेवटी आशावादी लोक वर बोट दाखवतात. 2011 मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायला निघाली. तिच्यापेक्षा आता उपग्रहच बरा, असं ते म्हणतात. राज्य सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, धाराशिव आणि वाशीमबरोबर नंदुरबारचं नाव आहे. सातपुड्यातल्या ज्या पाड्यांवर खांब उभा राहत नाही तिथे त्याचा उपयोग होईल, हे मान्य. पण उपग्रहही आकाशातला वाढपीच आहे. पंगत वाढली की त्यालाही पुरवून वाढावं लागणार. आणि लाइट गेल्यावर छपरावरची तबकडी ही फक्त तबकडी असते, पापड वाळवायलाही सोयीची नाही.

तेव्हा शेजाऱ्याला एमबी विचारणं आता पुरे करावं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडलेले असतात, त्याच्याच खाली नेटचे मांडा: तारीख, रात्री नऊला चाललं का, बंद पडलं तर परत कधी आलं. महिनाभराने दोन घरांची कॅलेंडरं शेजारी ठेवा आणि मग खुशाल तुलना करा. नवीन कनेक्शनवाला दारात आला की त्यालाही तेच कॅलेंडर दाखवा आणि महिन्याला किती खाडे पडतात ते विचारा. तो ‘शंभरपर्यंत’ म्हणाला तर त्याला पाणी द्या आणि दूधवाल्याचा दाखला द्या. दूधवाला महिनाअखेरीला खाडे वजा करूनच पैसे घेतो.