पाटी लावा, पोट घालवा

कुठल्याही संकटावर आपल्याकडे एकच रामबाण उपाय आहे: पाटी. लठ्ठपणालाही तोच लागू पडेल, याबद्दल आता सरकारदरबारीही शंका उरलेली नाही. 2025च्या मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. 4 ते 10 वर्षांच्या मुलांना रोजच्या 13 टक्के कॅलरी साखरेतून मिळतात, 11 ते 18 वयोगटात 15 टक्के. मिळायला हव्यात 5 टक्के, असं परिपत्रकात म्हटलं होतं. मग आरोग्य मंत्रालयाने कचेऱ्यांमध्येही तेल-साखरेचे फलक सुचवले. लगेच आवई उठली की समोसा आणि जिलबीवर सिगारेटसारखा इशारा छापणार. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला, की ठेलेवाल्यांच्या पदार्थांवर असं काही येणार नाही. देशाचा जीव भांड्यात पडला. भांड्यात अर्थातच तेल होतं.

शाळेतल्या फळ्यावर आता कोल्ड्रिंकची बाटली काढलेली असते आणि तिच्याखाली साखरेचे चमचे. 300 मिलीला साधारण आठ. मुलं ते निमूटपणे वहीत उतरवून घेतात, कारण परीक्षेत येण्याचा संभव आहे. वेळ पीटीच्या तासाचा. तो तास तसाही गणिताच्या बाईंनी मागून घेतलेला असतो, पोर्शन राहिलाय.

घरी यावं, तर सोसायटीच्या भिंतीवर दुसरी पाटी: ‘येथे क्रिकेट, फुटबॉल व आरडाओरडा करण्यास सक्त मनाई आहे.’ तिच्याच खाली कोळशाने काढलेल्या तीन स्टंपा रंगाच्या दोन हातांतूनही अजून दिसतात. स्टंपांपुढे सेक्रेटरींची एसयूव्ही उभी असते. बंपर बरोबर क्रीझवर. मग आईबाप पोराला गाडीत घालून तासाच्या भाड्याच्या टर्फवर नेतात. येताना पोर दमलेलं असतं, म्हणून दोन वडापाव. आणि बाप गाडी चालवून दमलेला असतो, म्हणून त्यालाही दोन.

मोठ्यांचं काय विचारता! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढाने आठवड्याला निदान 150 मिनिटं घाम गाळावा. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये 2024 साली आलेल्या अभ्यासानुसार, 2000 साली भारतातल्या साधारण 22 टक्के प्रौढांची हालचाल अपुरी पडत होती, 2022पर्यंत हे प्रमाण वाढून जवळजवळ 50 टक्क्यांवर गेलं. इतक्या कमी हालचालीत एवढी मोठी मजल दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात आपण मारलेली नाही.

प्रयत्न मात्र चालू आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं, दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा आणि रोज 45 मिनिटं चाला. आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींनी 55 मिनिटं पूर्ण वापरली. श्रीखंड 54व्या मिनिटाला वाढायला सांगितलं. उरलेली 45 मिनिटं दीक्षित बरोबर की आहारतज्ज्ञ दिवेकर, या वादात गेली. वाद बसूनच झाला.

तेव्हा सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत लठ्ठपणाचा विषय घेतलाच आहे. पाटीचा मजकूरही एकमताने मंजूर होईल: ‘मुलांनी रोज 60 मिनिटे मैदानात खेळावे. मैदान आपापले आणावे. – आदेशावरून.’