सोवळ्यातला संगणक

ब्रँडेड संगणकाला कूळ असतं. असेंबल केलेला संगणक म्हणजे लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याशा अंधाऱ्या जिन्याच्या दुकानात एखाद्या पोऱ्यानं अर्धा कटिंग संपवता संपवता जोडून दिलेला. त्याचं गाव कुठलं, आई-बाप कोण, कशाचा पत्ता नाही. ब्रँडेड खोक्यावर मात्र पुढे चकचकीत नाव, मागे अनुक्रमांकाची चिठ्ठी आणि स्क्रूवर ‘ही चिठ्ठी फाटल्यास वॉरंटी रद्द’ असा दम. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना हा दम फार आवडतो. वस्तू दम देते म्हणजे चांगल्या घरची असणार!

आणि चांगल्या घरची म्हटल्यावर सोवळं आलंच. परक्या दुकानातला पंखा, परक्या हातचा पॉवर सप्लाय, परक्या गोत्राचं ग्राफिक्स कार्ड, यांतलं काहीही लागलं की विटाळ. संगणक लगेच ओरडतो, नाहीतर मौनात जातो.

आता या सोवळ्याच्या गाभाऱ्यात डोकावून पाहा. प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा. मेमरीच्या चिप सॅमसंगच्या, हायनिक्सच्या नाहीतर मायक्रॉनच्या. हार्ड डिस्क सीगेटची किंवा वेस्टर्न डिजिटलची. पॉवर सप्लायवरची बारीक अक्षरं वाचलीत तर डेल्टा, लाइट-ऑन अशी तैवानी नावं सापडतील. मदरबोर्डसुद्धा बहुतेक वेळा कुठल्यातरी कंत्राटी कारखान्यात जन्मलेला. थोडक्यात, आत सगळे परकेच. ज्याला आपण आदरानं ‘कंपनीचा संगणक’ म्हणतो तोही असेंबल केलेलाच असतो. फक्त जोडणाऱ्या पोऱ्याच्या हातात चहाऐवजी मोजे असतात. मग घराण्याचं स्वतःचं असं उरतं काय? एक पत्र्याचा डबा, एक लोगो आणि जगात दुसरीकडे कुठेही न बसणारा प्लग.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी असलं सोवळं घरात आणलं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०च्या डोक्यावरचा हात काढून घेतला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, आणि काकांचा जुना संगणक चौथ्या पिढीतच निवृत्त झालेला. काकाही निवृत्त बँकवाले. सही जुळल्याशिवाय कुणाचा चेक वटवला नाही, तर असेंबल केलेला संगणक कसा घेतील? त्यांनी एका नामांकित कंपनीचा, सडपातळ बांध्याचा, कार्यालयीन वळणाचा डेस्कटॉप घेतला. पेन्शनचा हिशेब आणि अमेरिकेतल्या मुलीचा व्हिडिओ कॉल एवढ्यापुरता तो अगदी गुणी होता.

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला आणि म्हणाला, ‘आजोबा, यात गेम चालत नाही. ग्राफिक्स कार्ड टाकूया.’

कार्ड आलं. पहिली अडचण, ते खोक्यापेक्षा उंच. सडपातळ खोक्यात अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं. ते बदलून आणलं. दुसरी अडचण, मदरबोर्डवरचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देतो. या कार्डाची भूक त्याहून मोठी, त्याला पॉवर सप्लायमधून निघणारी वेगळी सहा पिनांची वायर हवी. कंपनीचा पॉवर सप्लाय १८० वॅटचा, अल्पसंतुष्ट. त्याला अशी वायरच नव्हती. दुकानदार म्हणाला, ‘काका, पाचशे वॅटचा पॉवर सप्लाय टाका, पुढची दहा वर्षं बघायला नको.’

बघावं लागलं, त्याच संध्याकाळी. बाजारातल्या पॉवर सप्लायचा मुख्य प्लग २४ पिनांचा असतो. काकांच्या मदरबोर्डावर भोकं होती सहा. काकांनी चष्मा पुसून पुन्हा मोजली, तरी सहाच. उरलेल्या अठरा पिनांचं काय करायचं, हे कंपनीनं माहितीपुस्तिकेत लिहिलं नव्हतं. मात्र असल्या अडलेल्यांसाठी बाजारात २४चे ६ करून देणारे अडॅप्टर मिळतात. ते मागवलं. आलं तेव्हा कळलं, पॉवर सप्लायचं पेटारंच त्या सडपातळ खोक्यात मावत नाही. मग नवीन कॅबिनेट आणलं. नव्या कॅबिनेटच्या बटणाच्या वायरी जुन्या मदरबोर्डाला ओळखेनात, कारण कंपनीनं बटणाचा प्लगही आपल्या घराण्याचा ठेवलेला. नातवानं कुठलातरी नकाशा पाहून दोन वायरी जुळवल्या. चार आण्याची कोंबडी एव्हाना बारा आण्यांचा मसाला ओलांडून पुढे गेली होती.

मग संगणक सुरू झाला. म्हणजे पडदा काळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी सूचना, की पुढचा पंखा सापडत नाही, पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. पंखा होता. नवाकोरा, गरगर फिरत होता. पण कंपनीच्या पंख्याच्या प्लगमध्ये जास्तीची एक वायर असते. ती मदरबोर्डाला फक्त एवढंच सांगते, ‘मी घरचा.’ बाजारच्या पंख्याला तेवढं खोटं बोलता येत नव्हतं.

काकांनी ग्राहक सेवेला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो.

‘सर, सिस्टीममध्ये थर्ड पार्टी पार्ट बसवलाय का?’

‘पंखा बसवलाय. पंखाच आहे तो. वारा घालतो.’

‘सर, आमच्याकडे तो ऑथराइज्ड नाही.’

‘वारा?’

‘पंखा, सर.’

‘मग तुमचा ऑथराइज्ड पंखा द्या.’

‘सर, तो सुटा मिळत नाही.’

आता काका रोज सकाळी आंघोळ, पूजा आणि एफ-वन या क्रमानं दिवस सुरू करतात. नातू पुण्याला परत गेला. जुन्या पत्र्यावरचा लोगो काकूंनी हलक्या हातानं सोलून नव्या कॅबिनेटवर चिकटवला. पाहुण्यांना संगणक ब्रँडेडच वाटतो.

हा कर्मठपणा या धंद्यात मुळापासून नव्हता, हे तरुण मंडळींना सांगायला हवं. १२ ऑगस्ट १९८१ला आयबीएमनं आपला पहिला पीसी आणला तो दार सताड उघडं ठेवून. आत पाच स्लॉट, शिवाय सर्किटचे आराखडे आणि बायॉस या संगणक जागा करणाऱ्या प्रोग्रॅमची संहिता छापलेलं जाडजूड तांत्रिक पुस्तक विकायला ठेवलेलं. कुणीही यावं, कार्ड बनवावं, खुपसावं. लोक आले, कार्डं बनवली. मग कॉम्पॅकसारख्यांनी बायॉस स्वतः नव्यानं लिहून अख्खा पीसीच बनवला. आयबीएमच्या पोटात दुखायला लागलं. १९८७मध्ये तिनं पीएस/२ नावाची नवी मालिका आणि मायक्रो चॅनल नावाचा नवा स्लॉट काढला. तांत्रिकदृष्ट्या तो जुन्यापेक्षा चांगला होता, पण त्यात जुनं कार्ड बसायचं नाही आणि इतरांना तो वापरायचा तर आयबीएमला दक्षिणा द्यायची. १९८८मध्ये नऊ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि ‘तुमचं सोवळं तुम्हाला लखलाभ’ म्हणत त्यांनी ईसा हा आपला सामाईक स्लॉट जाहीर केला, जुनी कार्डं चालतील असा. मायक्रो चॅनल एकटा पडला. २००५मध्ये आयबीएमनं पीसीचा धंदाच चीनच्या लेनोवोला विकून टाकला.

त्या नऊ बंडखोरांत कॉम्पॅक होती आणि एचपीही होती. पुढे २००२मध्ये कॉम्पॅक एचपीतच विलीन झाली, म्हणजे दोन बंडखोर एकाच घरात नांदायला आले. आज त्याच एचपीचे कार्यालयीन डेस्कटॉप उघडा. बऱ्याच मॉडेलांत पॉवर सप्लायचा प्लग खास घरचा. डेल आणि लेनोवोच्या घरीही तीच रीत, आणि तिघांचे प्लग एकमेकांनाही चालत नाहीत. सून जुनी झाली की सासू होते, ही आपली म्हण नसेल तर असायला हवी होती.

डेलनं तर १९९८च्या सुमारास कमालच केली होती. प्लग हुबेहूब बाजारातल्यासारखा, वीस पिनांचा, बिनबोभाट बसणारा. आतल्या वायरींचा क्रम तेवढा बदललेला. मालकानं विश्वासानं बाजारचा पॉवर सप्लाय लावला आणि बटण दाबलं, की मदरबोर्ड जळण्याची सोय. आजचा सहा भोकांचा प्लग निदान तोंडावर नाही म्हणतो, हा उपकारच समजायचा.

ॲपलबद्दल काय बोलावं! २००९च्या आयमॅकमध्ये बाहेरची हार्ड डिस्क घातली की तिचं तापमान यंत्राला कळायचं नाही आणि पंखे जीव तोडून फिरायचे. आताच्या मॅकमध्ये मेमरी प्रोसेसरच्या मांडीलाच चिकटवलेली, त्यामुळे बदलायचा प्रश्नच मिटला. मॅक स्टुडिओत साठवणीचं कार्ड निघतं खरं, पण त्याचा कारभार पाहणारा कंट्रोलर मुख्य चिपमध्ये, म्हणून बाजारातली एसएसडी तिथं चालत नाही. मनासारखे स्लॉट असलेला २०१९चा मॅक प्रो मिळायचा. त्याच्या चार चाकांचा संच नंतर वेगळा घ्यायचा तर ६९९ डॉलर. चाकांना ब्रेक नव्हता. किमतीलाही नव्हता.

कंपन्यांची बाजू ऐकायलाच हवी, नाहीतर संपादक विचारतात. त्या म्हणतात, आमचा नुसता १२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय संगणक रिकामा बसलेला असताना वीज कमी खातो. खरं आहे. म्हणून तर इंटेलनं २०२०मध्ये त्यासाठी दहा पिनांचा एक सामाईक नमुनाही जाहीर केला. वीज वाचवायची तर तो सगळ्यांनी उचलावा. पण विजेची काळजी वेगळी आणि पिढीजात प्लगची माया वेगळी! शिवाय जास्तीच्या वायरीचा पंखा कुणाची वीज वाचवतो, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

अमेरिकेत १९७५पासून वॉरंटीचा कायदा आहे. बाहेरचा सुटा भाग वापरला एवढ्यावरून तिथं वॉरंटी नाकारता येत नाही. एप्रिल २०१८मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं सहा कंपन्यांना तंबीची पत्रं धाडली. त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि असुसही होत्या. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. तिथं कंपन्यांच्या सेवा केंद्रांची माहिती मिळते. ज्यानं कुलूप लावलं त्याचाच पत्ता हाती येणं, हीही प्रगतीच म्हणायची. दम देणारी चिठ्ठी मात्र काकांच्या जुन्या पत्र्यावर, फाटकी का होईना, अजून चिकटून आहे.

एवढं सगळं असूनही सोवळ्यात दोन फटी राहिल्यात. मेमरी आणि एसएसडी बहुतेक ब्रँडेड डेस्कटॉप परक्या हातचीही मुकाट घेतात. जुना संगणक रांगत असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, निम्मं रडगाणं थांबेल. मात्र ती घट्ट बसवायचा तांदळाएवढा स्क्रू अनेकदा कंपनी देत नाही. तो आधीच मागून घ्या.

आणि नवा ब्रँडेड डेस्कटॉप घेणार असाल तर दुकानात पैसे देण्याआधी झाकण उघडून दाखवायला सांगा. पॉवर सप्लायमधून मदरबोर्डाला जाणाऱ्या जाड प्लगची भोकं मोजा. २४ भरली तर घ्या. कमी भरली, किंवा दुकानदार झाकणच उघडेना, तर पाकीट खिशात ठेवा आणि जिना चढून त्या कटिंगवाल्या पोऱ्याकडे जा.