जरा हात हलवा बघू

डोंबिवलीत बसून राजापूरकडच्या घरावर पाळत ठेवणारा माणूस तुमच्या ओळखीत नाही, असं होणारच नाही. चाकरमान्यांच्या कुठल्याही लग्नात जा. पंगतीत ज्याचा उजवा हात मसालेभातात, डावा मोबाईलवर आणि नजर पडद्यावरच्या फिरणाऱ्या चक्रावर, तो अण्णा. यजमान जिलबीचा आग्रह करत असतात आणि अण्णा म्हणत असतात, ‘‘थांबा हो, खळं उघडतंय.’’

खळं उघडत नाही. ते अर्ध्यावर अडकतं.

आमच्या मजल्यावरच्या अण्णांचं गावचं घर म्हणजे जमिनीच्या सातबाऱ्यावर अकरा नावं, घरात माणूस एकही नाही आणि कॅमेरे चार. आत चोरण्याजोगं काय आहे, असं विचारलं तेव्हा अण्णांनी बराच विचार केला. तांब्याचा हंडा होता, तो त्यांनीच डोंबिवलीला आणला. झोपाळा होता, त्याच्या कड्या धाकट्या चुलत्यांनी नेल्या. ‘‘पण प्रश्न वस्तूंचा नाहीच,’’ ते शेवटी म्हणाले, ‘‘प्रश्न अपलोडचा आहे.’’

अपलोड हा अण्णांचा अध्यात्माचा विषय. लोक स्पीड टेस्ट करतात आणि डाउनलोडचा आकडा पाहून खूश होतात. पण कॅमेरा चित्र घरातून बाहेर पाठवतो, त्याला काम पडतं ते अपलोडचं. बऱ्यापैकी स्वच्छ चित्राला एका कॅमेऱ्यामागे साधारण 2 एमबीपीएस लागतात. अण्णांचा सिमकार्डवाला राऊटर माळ्यावर कौलांना टेकून बसलेला, आणि सगळं मिळून त्याला सुटतात 0.6. त्यात जांभ्याच्या जाडजूड भिंती. पडवीतल्या कॅमेऱ्याला वायफाय पोचावं म्हणून अण्णांच्या आजोबांनी भिंती पातळ बांधायला हव्या होत्या, असं ते गंभीरपणे म्हणतात.

चित्र येत नाही; सूचना मात्र येते. सूचना म्हणजे चार शब्दांचा निरोप, त्याला कितीसं अपलोड लागणार! रात्री अडीचला मोबाईल किंचाळतो : ‘मनुष्याची हालचाल आढळली.’ अण्णा उठतात, त्यांच्या सौ. उठतात, भिंतीपलीकडे आम्ही उठतो. चक्र फिरतं. पावणेतीनला एक भलामोठा कोळी दिसतो. अंधारात पाहण्यासाठी कॅमेऱ्यात जे इन्फ्रारेड दिवे असतात त्यांच्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि थेट काचेसमोर जाळं विणतो. कोळी मनुष्य नाही हे कॅमेऱ्याला कळत नाही.

मग सकाळी सहाला गावी फोन. शेजारच्या वाड्यातल्या वहिनी हा अण्णांचा तांत्रिक विभाग. ‘‘वहिनी, कॅमेऱ्यावरून तेवढा झाडू फिरवा. फिरवलात? आता समोर उभ्या राहा. हं, जरा हात हलवा बघू.’’

चित्र चालू आहे की गोठलेलं, हे ओळखायचा अण्णांकडे हा एकच उपाय. रिकामं खळं चालू असलं काय नि गोठलं काय, सारखंच दिसतं. हलायला कोणीतरी हवं. लाईट जाऊन आली, की ‘‘आधी राऊटर लावा, दोन मिनिटं थांबा, मग कॅमेरे. आता हात हलवा.’’ चित्राचा दर्जा कमी केला, की हात हलवा. पोस्टमनने हात हलवलाय. ग्रामपंचायतीचा शिपाई घरपट्टीचं बिल घेऊन आला, त्याने बिल धरलेला हात हलवलाय. एका मे महिन्यात आंबे मोजायला आलेल्या व्यापाऱ्याला अण्णांनी कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून हाक मारली; आवाज त्याच्यापर्यंत उशिरा आणि तुटक पोचला, आणि बंद घरातून ‘हात… हात…’ ऐकून तो कलमांचा हिशेब टाकून पळाला.

अण्णांनी चोरही पकडला, नाही असं नाही. चित्रफितीत एक निळी लुंगी बेड्यातून आत येते. मग चक्र. मग माडावरचे नारळ गायब. ही फीत अण्णांनी अकरा भागीदारांच्या ग्रुपवर टाकली, आणि निम्म्या वाडीच्या लुंग्या संशयाखाली आल्या. भागीदारांनी लगेच पासवर्ड मागितला. पुढे ठाणे, बोरिवली, बडोदा असे सगळे एकाच वेळी तेच खळं उघडून बसू लागले. जितके पाहणारे तितके अपलोडचे तुकडे. कोणालाच काही दिसेना. ज्या घराची वाटणी आजोबांनाही जमली नव्हती, त्याच्या 0.6 एमबीपीएसची मात्र बिनतक्रार झाली. निळी लुंगी नारळ पाडणाऱ्याचीच निघाली. त्याला अण्णांनीच बोलावलं होतं.

‘‘भाऊजी,’’ एकदा वहिनी स्पीकरवर म्हणाल्या, ‘‘हात हलवून हलवून माझा खांदा गेला. त्यापेक्षा चार दिवस येऊन राहा की!’’ अण्णांनी यावर अपलोडविषयी काहीतरी उत्तर दिलं.

गेल्या पावसाळ्यानंतर वाडीत फायबर आलं. आता चारही चौकटी लख्ख. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड आहे, राऊटरला छोटा इन्व्हर्टर आहे, कोळ्यासकट सगळं वेळेवर दिसतं. रात्री आम्हाला झोप लागू लागली. अण्णांकडून मात्र पहाटेचे फोन थांबले, आणि मी त्यांना प्रथमच दुपारी नुसतं बसलेलं पाहिलं. मोबाईलवर खळं स्वच्छ, केरसुद्धा मोजता येईल इतकं. पाहण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. घर बंद आहे, ही गोष्ट इतक्या दर्जाच्या चित्रात त्यांना कोणी दाखवली नव्हती.

हा माणूस मला कधी आवडेल असं वाटलं नव्हतं. पण परवा वर्तमानपत्र मागायला गेलो, तर अण्णा फोनवर होते. समोर टीव्हीवर खळं एवढं मोठं लावलेलं, त्यात वहिनी कानाला फोन लावून तुळशीजवळ उभ्या. त्यांच्या पातळाचे काठसुद्धा मला दारातून दिसत होते.

‘‘नाही हो वहिनी, आज अजिबात दिसत नाही,’’ अण्णा सांगत होते. ‘‘फायबर म्हणतात, पण अपलोडची बोंबच. अशा पुढे या. आणि मला सांगा, फणसाला यंदा कुयऱ्या किती धरल्यात?’’

मी दिसताच त्यांनी रिमोटने टीव्ही बंद केला.