अक्ष जरा वर घ्या

वार्षिक सभेच्या आदल्या रात्री पतसंस्थेच्या कार्यालयात हिशेब नव्हे, उंची तपासली जाते. वसुली गेल्या वर्षी ९६ टक्के, यंदा ९८. एक्सेलमध्ये अक्ष शून्यापासून घेतला, तर दोन्ही स्तंभ जुळ्या भावांसारखे शेजारी उभे. अध्यक्षांना हे कसं चालावं? मग उभा अक्ष शून्याऐवजी ९५ पासून सुरू करायचा, की यंदाचा स्तंभ तिप्पट! आकडा एकही बदललेला नाही, त्यामुळे लेखापरीक्षकही गप्प. (आकडे जवळजवळचे असले तर एक्सेल ही सेवा न मागताही देऊन टाकतं.)

व्यवस्थापन खर्च ४ टक्क्यांवरून ७ वर गेला असेल तर उलटं औषध: अक्ष थेट १०० पर्यंत ताणायचा, रेष निवांत आडवी होते.

खर्चाच्या तपशिलाला मात्र त्रिमितीय पाय चार्टच हवा. विल्यम प्लेफेअरने १८०१ मध्ये छापलेला पाय चार्ट बिचारा सपाट होता. तो तिरपा केला की पुढचा तुकडा फुगतो, मागचा आक्रसतो. संचालकांचा प्रवासभत्ता अर्थातच मागे. त्यासाठी चार्ट नेमका किती अंशांत फिरवायचा, हे संस्थेत एकट्या कनिष्ठ लिपिकाला ठाऊक आहे, आणि त्याची वेतनवाढ यंदाही मंजूर झाली आहे.